तिसऱ्या दिवसाचा अंगठा

आम्हा रायपूरच्या गणित शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी काहीही टाकलं की मिनिटाभरात अंगठे येतात. गुढियारीच्या शाळेतल्या एका बाईंचा अंगठा मात्र तिसऱ्या दिवशी येतो, कारण त्या आधी ते वर्गात करून पाहतात.

स्वतःचा फसलेला तास त्या त्याच दुपारी ग्रुपवर बोलून सांगतात. ‘आज भागाकार शिकवून राहिली होती, कोणालेच नाही समजला. तुम्ही कसा शिकवता?’ मध्येच शाळेमागून मालगाडी जाते. बाई बोलणं थांबवतात, रेकॉर्डिंग नाही. अख्खी गाडी आम्हाला ऐकावी लागते.

गेल्या आठवड्यात मी पोळीचे चार तुकडे करून ‘पाव’ शिकवल्याचा व्हिडिओ टाकला. अंगठ्यांचा पाऊस पडला आणि मी दोन दिवस छाती काढून फिरलो. तिसऱ्या दिवशी बाईंचा आवाज आला. ग्रुपवर नाही, फक्त मला.

‘सर, तुमच्यासारखीच पोळी कापली. माह्या वर्गातली एक पोट्टी म्हणते, मॅडम, ये टुकड़ा तो बड़ा है. मग तुमचा व्हिडिओ पुन्हा पाहिला. त्यातही एक तुकडा मोठा हाय, सर.’

खरंच होता. इतक्या मास्तरांपैकी कुणालाच दिसला नव्हता, मलाही नाही.

मी ग्रुपवर चूक कबूल केली, नवी पोळी घडी घालून नीट चार सारख्या भागांत कापली आणि तो व्हिडिओ टाकला. अंगठे लगेच आले. मी ते पाहिलेसुद्धा नाहीत.

आज दुसरा दिवस आहे.