रुमालाखालचा डिजिटल सौदा

"डिग्री कोणती?" माझं कोटेशन न उघडताच हेडमास्तरांनी विचारलं.

"बारावी नापास."

"मग शिक्षकांना ट्रेनिंग कोण देणार? डिग्रीवाला माणूस पाठवा. नाहीतर ऑर्डर दुसऱ्या पार्टीला."

पहूरकडच्या एका शाळेची कॉम्प्युटर लॅब होती. पंधरा मशीन. पाचोऱ्यात दुकान टाकल्यापासूनची माझी सर्वांत मोठी ऑर्डर. हातगाडीवर मोबाईल दुरुस्त करत मी इथवर आलो, पण अजून कोणी डिग्री विचारली की डोकं फिरतं.

"ट्रेनिंग मीच देणार. आत्ता, इथेच." मी टेबलावरचा माऊस उचलला. "याला माऊस का म्हणतात, सर?"

सर माऊसकडे निरखून बघू लागले.

"आधी याला वायर असायची. लांब शेपटीसारखी. म्हणून उंदीर."

शाळा समितीचे शेतकरी खुर्च्या ओढून जवळ आले. मला चेव चढला. कॉम्प्युटर हे पूर्वी माणसाला म्हणायचे, दिवसभर बसून आकडेमोड करणाऱ्याला. मशीन आलं, त्यानं त्याचं काम घेतलं आणि नावही घेतलं. आपला संगणकही तसाच. गणक म्हणजे मोजणारा.

समितीचे अध्यक्ष नाना. उभा जन्म बैलबाजारात दलाली केलेली. ते म्हणाले, "अन् हे डिजिटल काय शे?"

"नाना, लॅटिन भाषेत डिजिटस म्हणजे बोट. माणूस बोटांवर मोजायचा, म्हणून आकडा झाला डिजिट. आकड्यांवर चालतं ते डिजिटल."

नानांनी मांडीवर थाप मारली. "मंग बोटांवर चालणारा आपला बैलबजार पयलेपासून डिजिटलच शे ना, भाऊ!"

सगळे खो खो हसले. हेडमास्तरही. डिग्रीचा विषय तिथेच मिटला.

उरला भाव.

"फार लावलाय," हेडमास्तर म्हणाले.

"मग पाटी-पेन्सिलच बरी तुमच्या शाळेला!"

बोललो आणि जीभ चावली. हेडमास्तर फाईल बंद करून उठले. ऑर्डर हातची चालली होती.

नानांनी खांद्यावरचा रुमाल काढला, माझ्या हातावर टाकला आणि आपला हात खाली घातला. आमच्याकडे बैलाचा सौदा असाच होतो. रुमालाखाली बोटं दाबून आकडा सांगायचा, बघणाऱ्याला काही कळत नाही. नानांनी तीन बोटं धरली. मशीनमागे तीन हजार कमी. मी भडकून तोंड उघडलं.

"बोलू नको. दाब!"

मी एक बोट दाबलं. त्यांनी पुन्हा तीन. मी पुन्हा एक, जोरात. नाना मिश्कील हसले आणि माझी दोन बोटं घट्ट धरून ठेवली. दोनवर मला परवडत होतं. मी मान हलवली.

"जमलं! मशीनमागं दोन हजार कमी!" नाना ओरडले. हेडमास्तर परत खुर्चीत बसले, सही केली, वर चहा सांगितला.

तेव्हापासून मोठ्या गिऱ्हाइकाशी भाव करताना मी शक्यतो तोंड उघडत नाही. तापट माणसाने बोटांनीच सौदा करावा. बोटांना शिव्या देता येत नाहीत.