जेवायला न आलेला प्रवासी

पंचाहत्तरच्या सुमारास शिक्षिकेची नोकरी लागून मी एकटीच सोलापुरात आले. शनिवारी शाळा सुटली की सोमवारपर्यंत माझ्याशी बोलायला कुणी नसायचं. एका शनिवारी वाचनालयातून समुद्रावरची रहस्यकथा आणली. समुद्र मी तोवर पाहिलेला नव्हता. वादळात सापडलेली बोट, सात प्रवासी आणि एक खून. रविवारी दुपारभर पत्र्याच्या खोलीत घाम पुसत वाचत बसले. खुनी कोण ते मी मध्यावरच ओळखलं, पण वेगळीच गोष्ट मनातून जाईना. ज्याचा खून झाला, तो दोन दिवस जेवायला आला नव्हता आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

पुस्तक परत करताना मी ग्रंथपालांना हे सांगितलं. ते हसले. "बाई, लोक खुन्याबद्दल बोलतात. तुमचं लक्ष भलतीकडंच की!"

परतताना शेजारच्या विणकर बाईंच्या दारात थांबले. दोन दिवस मी दिसले नाही तर हाक माराल का, असं विचारायचं होतं.

"काय पायजे, बाई?" त्यांनी विचारलं.

"सुईदोरा," मी म्हणाले.

तो घेऊन खोलीत आले आणि धड असलेल्या पोलक्याची शिवण उसवून पुन्हा घालत बसले.