गाठीतला धागा

आज सकाळी कॉलेजच्या लॅबमध्ये कापडासाठी काढलेले बांबूचे धागे मशीनवर ताणून बघत होते. बांबू एकच, तरी काही धागे चांगला ताण सोसायचे आणि काही लगेच तुटायचे. मला वाटलं मशीन बिघडलं.

परतूरला बाबांना फोन लावला. ते बुरूड आहेत, आयुष्यभर सुपं-टोपल्या विणल्या त्यांनी.

"तुटलेले गाठीतले असतील," ते म्हणाले. "गाठीच्या जोरावर बांबू उभा राहतो, पण तिथं धागा वाकडा जातो. मंग टिकत न्हाई. बारीक कामाला आपण लांब कांड्याचाच, गाठी दूर दूर असलेला बांबू घेतो ना, बाई."

गाठीतले धागे वेगळे करून पुन्हा तपासले. बाबांचं बराबर होतं.

अहवालात 'माहिती कोणाकडून मिळाली' असा रकाना आहे. तिथं बाबांचं नाव लिहिताना हात थांबला. शाळेच्या प्रत्येक फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे मी 'मजुरी' लिहायचे. बुरूडकाम लिहायची लाज वाटायची.

बाबांना वाचता येतं. प्रत्येक फॉर्म वाचूनच त्यांनी खाली सही केली होती.

तुमच्यापैकी कोणी असं काही लिहिलंय का?