रिकाम्या सिलिंडरवर अडीच तास

मी स्टाफ नर्स आहे. कंत्राटी. इतक्या वर्षांत डोळ्यांसमोर माणसं गेली, शवागारात एकटीने जाऊन कागद पूर्ण केले, पण कधी साधी सावली दिसली नाही की कुणी हाक मारली नाही. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी डबा खाताना वाचते, आणि खरं सांगायचं तर हसते. त्यामुळे आज स्वतः लिहायला बसलेय तर माझं मलाच कसंसं होतंय... पण मिस्टर म्हणाले, लिहून टाक, नाहीतर डोक्यातून जायचं नाही.

सातारा जिल्हा. मेढ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात एक ग्रामीण रुग्णालय आहे. नाव लिहीत नाही, कारण माझी नेमणुकीची ऑर्डर अकरा महिन्यांची असते आणि ती रिन्यू व्हावी लागते. मी मूळची सांगलीची. मिस्टर आणि मुलगी तिकडेच, मी इथे खोली घेऊन राहते. आमच्याकडे कायम असलेली सिस्टर आणि मी एकच ड्युटी करतो, तीच इंजेक्शनं, तीच बाळंतपणं. तिचा पगार एक तारखेला येतो. माझा अनुदान आलं की! आणि त्याचा आकडा ऐकून आमच्याच दवाखान्यातला ड्रायव्हरही मला चहाचे पैसे देऊ देत नाही.

त्या दिवशी बाकीच्या कंत्राटी सिस्टर समान वेतनासाठी साताऱ्याला धरणं धरायला गेल्या होत्या. मलाही जायचं होतं. पण वॉर्ड सोडायचा कुणावर? कायम सिस्टर रजेवर. डॉक्टर पोस्टमॉर्टेमसाठी दुसऱ्या गावाला. अॅम्ब्युलन्स एका बाळंतिणीला घेऊन साताऱ्याला. उन्हाळ्याची दुपार, सव्वाबारा वाजलेले, लाईट गेलेली.

आणि आप्पा आले. फौजेतून रिटायर झालेले, जुना दमा, सत्तरीच्या पुढचे. पुतण्याने जीपमधून आणून सोडलं आणि तो पुढे अॅम्ब्युलन्सची चौकशी करायला धावला. ओठ निळे. बोटाला मशीन लावलं तर सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, चौऱ्याहत्तर. सोबत त्यांची बायको, मी त्यांना मावशी म्हणत होते.

"शिस्टर, सकाळधरनं बोलता बी येत न्हाई यांस्नी. कायतरी करा वो!"

करायचं काय? हवेतून ऑक्सिजन ओढणारं मशीन आहे, पण लाईट नाही, आणि इन्व्हर्टरची बॅटरी गेल्याला वर्ष झालंय. कोविडमध्ये मोठा प्लांट बसवला, फीत कापली, फोटो काढले. तो शेडमध्ये कुलपात आहे, कारण चालवायला माणसाचं पदच मंजूर नाही. राहिले सिलिंडर. तीन होते. दोनांवर खडूने 'रिकामा' लिहिलेलं. सप्लायरचं बिल थकलं होतं, म्हणून गाडी आली नव्हती. तिसऱ्याचा काटा लाल पट्ट्यात, म्हणजे तोही संपत आलेला.

तोच लावला. दोन लिटरवर. डॉक्टरांना फोन करून विचारून इंजेक्शनं दिली. हळूहळू सॅच्युरेशन नव्वदवर आलं.

बारा चाळीसला काटा शून्यावर टेकला. मी घड्याळ पाहिलं, कारण वेळ लिहावी लागते. अॅम्बू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायचा फुगा, उशाशी काढून ठेवली आणि बाटलीकडे बघत उभी राहिले. ऑक्सिजन पाण्याच्या बाटलीतून जातो, तो येत असेल तर बुडबुडे येतात. सिलिंडर संपला की ते थांबतात. यात श्रद्धेचा काही प्रश्न नाही.

बुडबुडे थांबले नाहीत.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. मी काट्याच्या काचेवर टिचकी मारली, काटा हलला नाही. नळी काढून गालाशी धरली तर थंड झुळूक लागली. परत लावली. सॅच्युरेशन नव्वद. दीड वाजला... दोन वाजले. मधे दोन पोरांना सलाईन लावलं, एकीचं ड्रेसिंग केलं, दर दहा मिनिटांनी पळत येऊन बघत होते. बुडबुडे चालूच.

मावशी सिलिंडरला पाठ टेकून खाली बसल्या होत्या. अडीचच्या सुमारास म्हणाल्या, "शिस्टर, ह्यो गरम का लागतुया वो?"

मी हात लावला. वापरातला सिलिंडर कोमट होत नाही, झाला तर गारच होतो. हा ताप आलेल्या माणसासारखा गरम होता. मी हात काढून घेतला. घाबरले का? व्हय, घाबरले. पण खरं सांगते, त्याहून जास्त राग आला होता. मनात म्हटलं, कोण आहेस रे बाबा, आलायस तर आणखी दोन बेड बघ!

तीन दहाला अॅम्ब्युलन्स आली. त्यांच्या सिलिंडरची नळी आप्पांच्या नाकाला लावली, आमची काढली, आणि आमच्या बाटलीतले बुडबुडे त्याच क्षणी थांबले. मी कॉक बंद केलासुद्धा नव्हता.

आप्पा साताऱ्यात आठ दिवस राहून चालत घरी गेले.

पुढच्या आठवड्यात एकदाची सप्लायरची गाडी आली. मी त्या माणसाला म्हटलं, हा जरा बघ, याचा काटा खराब आहे का. त्याने व्हॉल्व्ह उघडला. फुस्ससुद्धा नाही. मग तोच काटा भरलेल्या सिलिंडरला लावून बघितला, तर बरोबर दाखवत होता.

"ताई, साफ रिकामा हाय ह्यो. कवाचा."

मी सगळं रिपोर्टमध्ये लिहिलं. वेळा, सॅच्युरेशन, काटा. जिल्ह्याच्या ऑफिसातून साहेब आले, वाचलं. मला वाटलं आता वेड्यात काढतील.

"म्हणजे एका सिलिंडरमध्ये भागलं की!" ते म्हणाले.

"सर, तो रिकामा होता."

"पण भागलं ना?"

पुढच्या तिमाहीला मी सहा सिलिंडर मागितले होते. चार मंजूर झाले. शेरा होता, 'मागील वापर पाहता पुरेसे'. मी तो कागद स्टोअरच्या रजिस्टरला टाचून ठेवला.

इथवरच असतं तर मी लिहिलंही नसतं. पण दोन महिन्यांनी पुन्हा तसंच झालं. खालच्या वाडीतली एक आजी, न्यूमोनिया, मंजूर चारांतला शेवटचा सिलिंडर, वेळ सकाळी अकराची. काटा शून्यावर आला. आणि मी, शिकलेली बाई, अॅम्बू बॅग हातात घेऊन बाटलीकडे बघत थांबले. वाटलं, होईल. त्या दिवशी झालं होतं, आजही होईल.

बुडबुडे थांबले. आजीची मान कलली.

अर्धं मिनिट गेलं असेल माझं, जास्त नाही. मग बॅग दाबायला लागले ते थेट अॅम्ब्युलन्स येईपर्यंत, पाऊण तास, हात बदलत बदलत. आजी वाचल्या. त्यांच्या सुनेने माझे पाय धरले, तेव्हा मला तिच्याकडे बघवेना. तिला त्या अर्ध्या मिनिटाचं काय माहीत!

विज्ञानवाले, श्रद्धावाले, दोघांनाही विचारून झालं. आप्पांच्या वेळी तो सिलिंडर अडीच तास कशावर चालला, हे कुणालाही सांगता आलं नाही, मलाही नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचत असेल तर जरूर लिहा. आजींच्या वेळी सिलिंडर का संपला, हे मात्र मला विचारू नका. ते साहेबांना विचारा.