तळ्यात उभा नवरदेव

डोमाच्या भाल्याचा नेम सिंदेवाहीच्या आसपास सगळ्या तळ्यांवर ठाऊक होता. मासा पाण्यात दिसतो तिथे नसतो, जरा खाली असतो. उजेड पाण्यातून हवेत येताना दिशा बदलतो आणि डोळ्याला फसवतो. हे डोमाला कोणी सांगितलं नव्हतं, त्याचा हातच ते शिकला होता. माणसांपुढे मात्र हा गडी मुका. दोन सोयरिकी या मुकेपणानेच मोडल्या. कमळा ही तिसरी, आणि ती बाजारात एकदा त्याच्याकडे पाहून हसलीही होती. हीदेखील हातची गेली तर जन्मभर माशांशीच बोलायचं, या धास्तीने बिचाऱ्याला जेवण जाईना.

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्याच्या तोंडी कमळाची आत्या मनकर्णाबाई न कळवताच मुलगा पाहायला आली. बाई राजुऱ्याकडे कोळसाखाणीवर राबणारी. तळ्याशी संबंध सुटून वर्षं झालेली. डोमाच्या आईने, गोकुळाबाईने, तिला थेट तळ्यावरच आणलं. डोमा कमरेइतक्या नितळ पाण्यात उभा, अंगावर फक्त लंगोटी. धोतर काठावर सावलीत ठेवलेलं. बाई नेमकी त्यावरच ऐसपैस बसली.

"पोराचे पाय एवढुसेच? अन वाकडेबी दिसतेत!"

"काहीतरीच का बाई! डोमा, निंग ना रे बाहेर."

डोमा निघेना. 'धोतर द्या' एवढे दोन शब्दही त्याला म्हणवेनात. लाजून तो आणखी खोल सरकला, तसे पाय आणखीच आखूड झाले.

"पाह्यलं? लंगडा हाये म्हनूनच निंगत नाई. आमची पोरगी काऊन द्याची अशा घरी?"

गोकुळाबाईचा पारा चढला. "मंग उतरा पान्यात अन पाहा जवळून!"

मनकर्णाबाई काही कमी नव्हती. लुगडं वर खोचून ती गुडघाभर पाण्यात शिरली, खाली पाहिलं आणि किंचाळली, "अवो माय! माहे पाय कोनं कापले?"

धोतर मोकळं झालेलं दिसताच डोमाने संधी साधली. पाणी उडवत तो बाईच्या बाजूने वर आला, धोतर उचललं आणि सशासारखा धूम पळाला. दोन्ही पाय सरळ, चांगले लांबसडक.

बाईने त्या पळणाऱ्या पायांकडे पाहिलं, मग पाण्यातल्या आपल्या पायांकडे. आणि तिला असं हसू फुटलं की गोकुळाबाईला तिला हाताला धरून काठावर आणावं लागलं.

"लंगडा नाई वो, लाजरा हाये," डोळे पुसत ती म्हणाली. "लाजरा चालते."