किल्ल्यावरची घंटा

ते प्रकरण आठवलं की आजही माझी मलाच लाज वाटते. साठ सालच्या सुमाराची गोष्ट. घाटंजीकडच्या एका जुन्या गावात मी नवा फौजदार होतो. गावाबाहेर दगडी सराई, वर टेकडीवर किल्ला. नावं कुणाचीच घेत नाही.

सकाळीच किल्ल्यावरचा पुजारी धापा टाकत ठाण्यात आला. देवळाची घंटा गायब! पाठोपाठ कोतवालानं खबर दिली, "साहेब, एक लमाणी म्हातारा सराईत खड्डा करून राह्यला." मला तेवढंच पुरलं. लमाणी दिसला की संशय घ्यायचा, ही ठाण्याची जुनी खोड, आणि मीही काही शहाणा नव्हतो. म्हाताऱ्याला उचलून आणला.

"घंटा कुठं पुरलीस?"

"घंटा कायची, साहेब? भोग लावून राह्यलो होतो. आमचे आजे बैलांवर मीठ लादून याच सराईत उतरत. घरात सगाई निघाली का एकानं इथं येऊन विस्तवात तूप-गूळ टाकाचा. आज नातीची सगाई हाय. पाव्हणे दुपारी तांड्यात येतीन. मले ठाण्यात बसवलं हे कळलं, तं पोरीचं जमलेलं मोडते ना!"

पंच आणि म्हाताऱ्याला घेऊन सराईत गेलो. खड्डा वीतभर, राख अजून गरम. यात घंटा कसली मावते, कपाळ! मग किल्ला चढलो. घंटेची कडी झिजून तुटली होती, कापलेली नव्हती. पण घंटा आवारात कुठंच नाही.

म्हातारा न राहवून बोलला, "बैलाच्या गळ्यातली घाटी पडली, तं आम्ही वाटेवर नाही, उतारावर पाहतो."

देवळामागचा तट ढासळलेला होता. खाली खडकावर ताजे ओरखडे, आणि बोरीच्या जाळीत घंटा! मला हायसं वाटलं.

"चला बाबा, जीपनं सोडतो."

"नको जी! पोलिसाच्या गाडीतून उतरलो, तं पोरगी बसली घरी."

मग मी खाकी उतरवून साधा सदरा चढवला आणि भाड्याची बैलांची दमणी केली. पोचलो तेव्हा पाव्हणे उठायच्याच बेतात होते.

"काहून उशीर?" मुलाचा बाप गुरकावला.

माझी मान खाली गेली. म्हातारा शांतपणे म्हणाला, "या पाव्हण्याले सराई अन् किल्ला पाहाचा होता. दाखवता दाखवता येळ झाला."

सगळे हसले, बसले. सगाईचा गूळ माझ्याही हातावर पडला.

त्यानंतर नोकरीत कुणालाही चौकशीला बसवलं, की माझा पहिला प्रश्न ठरलेला असे, "आज घरी काय आहे?"