तिसऱ्या स्टुलावरची सुपारी

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या एका ऑफिसात मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. लोक "आपोआप झालं" म्हणतात, त्यामागचं खरं कारण शोधायचा मला पगार मिळतो. या ग्रुपवरचे अनुभव वाचतानाही मी मनातल्या मनात भोकं पाडत असते... तेव्हा माझ्या अनुभवाला तुम्ही भोकं पाडलीत तर राग येणार नाही. उलट एखादं सापडलं तर नक्की कळवा, मला जरा शांत झोप लागेल.

आम्ही अल बर्शाला राहतो – आईबाबा, मी आणि धाकटा भाऊ ओंकार. समोरच्या फ्लॅटमध्ये सनाचे अम्मी-अब्बा राहतात. मूळचे रत्नागिरीकडचे. सना आणि मी एकाच शाळेच्या बसमध्ये वाढलो. तिच्याकडचा शीरखुर्मा आणि आमच्याकडच्या चकल्या कोणाच्या डब्यात आहेत याचा हिशोब कोणी ठेवला नाही. आता ती रास अल खैमाला एका टाइल्सच्या कारखान्यात डिझायनर आहे आणि तिकडेच राहते. या वर्षी सना, ओंकार आणि मी, आम्ही तिघांनी ठरवलं, टूरबिर काही नको, पाठीला बॅग लावायची आणि बँकॉक पायी फिरायचं.

तिघं म्हटल्यावर आईच्या कपाळाला आठ्या. "तीन तिघाडा, काम बिघाडा!" आमच्याकडे तिघं एकत्र निघाले की चौथी म्हणून सुपारी सोबत देतात. आईने देव्हाऱ्यातली सुपारी काढून माझ्या हातावर ठेवली. "ही तुमच्यातलीच एक समजा. नेली तशी घरी आणायची, वाटेत टाकायची नाही."

"आई, कोणाची सुपारी दिलीस?" ओंकारने दात काढले.

व्हिडिओ कॉलवर सना होती. ती म्हणाली, "मावशी, हिला विंडो सीट द्यायची का?" आईसुद्धा हसली.

निघायच्या दिवशी सना ऑफिसात अडकली. "तुम्ही जा, यल्ला! मी उद्या संध्याकाळच्या फ्लाइटने पोचते." ओंकार म्हणाला, आता दोघंच आहोत, सुपारी ठेव घरी. पण उद्या तिघं होणारच की! म्हणून मी ती बॅगेच्या पुढच्या कप्प्यात टाकली.

सकाळी बँकॉकला उतरलो आणि दोघंही चक्क बावचळलो. आम्ही दुबईची पोरं, घरातून लिफ्टने पार्किंगला आणि तिथून मॉलमध्ये. चालायची सवय कोणाला? इथे फुटपाथवरच कोणी माशाची खवलं काढतंय, कोणी केस कापतंय, डोक्यावर वायरींची जाळी आणि त्यातून मोटारसायकली अंगावर येताहेत. मला ते भयंकर आवडलं. हॉस्टेलवाल्या मुलीने दोन चाव्या दिल्या. चहावाल्याने दोन ग्लास दिले. हे मुद्दाम सांगतेय, कारण तोवर आम्ही सगळ्यांना दोनच दिसत होतो.

दुपारी साडेबाराला, म्हणजे दुबईचे साडेनऊ, चायनाटाऊनजवळ एका गल्लीत शिरलो. दोन्ही बाजूंना जुन्या इंजिनांचे सुटे भाग विकणारी तेलकट दुकानं आणि शेवटी भिंतीला टेकून एका साठीच्या बाईंचा नूडल्सचा ठेला. लाल प्लास्टिकची स्टुलं. आम्ही बसलो. बाईंनी तीन वाडगे आणून ठेवले.

मी दोन बोटं दाखवली. त्यांनी मान हलवून तीन दाखवली आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या स्टुलाकडे बोट केलं. "फ्रेंड," त्या म्हणाल्या. मग त्या आत गेल्या, पिशवीत बर्फ घेऊन आल्या आणि ती त्या तिसऱ्या वाडग्याशेजारी ठेवली. स्वतःच्या कपाळाला हात लावून त्यांनी मला काहीतरी विचारलं. चेहऱ्यावर काळजी होती, चेष्टा नव्हती.

मला कसंतरी झालं. ओंकार मात्र खूश. "चिल, ताई! तिसरी आहे ना आपल्याकडे." त्याने माझ्या बॅगेतून सुपारी काढली आणि त्या स्टुलावर ठेवली. "बसा सनाबाई, खाऊन घ्या." फोटो काढून त्याने सनाला पाठवलाही. खाल्लं, पैसे दिले आणि उठलो. सुपारी उचलायची दोघांनाही आठवण राहिली नाही.

चारच्या सुमारास आम्ही नदीवर बोटीची वाट बघत असताना आईचा फोन आला. सनाच्या गाडीला अपघात झाला होता. रास अल खैमाहून सामान घेऊन निघाली होती, सकाळी नऊनंतर कधीतरी. डोक्याला मार, शुद्ध नाही. आई रडत होती आणि मध्येच थांबून म्हणाली, "अनुजा, सुपारी कुठंय?"

मी सांगितलं.

"अगं, तुम्ही दोघंच निघालात, मग सुपारी चौथी कुठली? ती तिसरी झाली. सनाची जागा धरली तिनं! सोबत म्हणून नेलेलं कोणी असं टाकून येतं का? जा आधी, घेऊन ये!"

एरवी मी आईशी वाद घातला असता. त्या दिवशी पळत सुटले. बर्फाची पिशवी सारखी डोळ्यासमोर येत होती. सगळ्या गल्ल्या सारख्या दिसत होत्या, मॅप भलतीकडे नेत होता.  तासाभराने इंजिनांची दुकानं दिसली. ठेला आवरला होता, स्टुलं एकावर एक रचून ठेवली होती. एकच सोडून. त्यावर सुपारी होती, बाजूला बर्फाची नवी पिशवी होती आणि शेजारी त्या बाई पंख्याने त्या स्टुलाला वारा घालत बसल्या होत्या.

आम्हाला बघून त्या रागावल्या. थाई मला एक अक्षर येत नाही, पण आई रागावते तेव्हा जशी रागावते तशाच. मग त्यांनी सुपारी माझ्या दोन्ही हातांत दिली आणि स्टुलाकडे बघून हळू आवाजात काहीतरी बोलल्या. निरोप देतात तसं.

त्याच दिवशीच्या फ्लाइटने आम्ही परतलो. विमानात सुपारी मी मुठीतून सोडली नाही. मधलं सीट रिकामं होतं. ओंकारने त्याचा पट्टा लावला. मी त्याला हसले नाही.

दुबईला उतरलो तेव्हा आईचा मेसेज आलेला होता, सनाने डोळे उघडले. थेट रास अल खैमाच्या हॉस्पिटलात गेलो. कपाळाला भलंमोठं बँडेज. तिने आधी माझ्याकडे, मग ओंकारकडे पाहिलं.

"मला तिथं बसवून कुठे गेलात रे?" ती पुटपुटली. "मी हाका मारत होते. ती बाई बिचारी सारखी बर्फ बदलत होती..."

ओंकार खोलीबाहेर गेला, तो बराच वेळ आत आला नाही.

आता भोकं पाडा. मी पाडून बघितली आहेत. फोटोचं म्हणाल तर सनाचा फोन गाडीतच चुराडा झाला होता, त्या मेसेजला आजही एकच टिक आहे. बर्फाचं आम्ही आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. आता विचारलं तर सनाला त्यातलं काही आठवत नाही. डॉक्टर म्हणतात, डोक्याला मार लागल्यावर माणसं काहीही बरळतात. बरळतात, मान्य. पण बर्फ?

सुपारी परत देव्हाऱ्यात आहे. सना ठणठणीत आहे, इन्शाल्ला राहीलही. ती बाई कोण, तिला काय दिसलं, मला माहीत नाही आणि कळेल असंही वाटत नाही. पण मला भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. भाषा न कळणाऱ्या एका परक्या बाईला आमची सना दिसली, तिची जखमसुद्धा दिसली. आणि मी तिच्या शेजारी बसून पोटभर नूडल्स खाल्ले, हात पुसले आणि उठून चालू लागले.